सेलेच्या काठाने

फ्रान्समधलं ब्रांग गाव यायच्या थोडं आधी मी पेडल मारायचं थांबवलं आणि सायकल सोडून दिली. उतार म्हणावा असा नव्हताच. नदी जेवढी उतरत होती तेवढाच रस्ता उतरत होता. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची टिकटिक सुरू झाली, कड्यावर आपटली आणि परत आली. मी एकटी होते, पण आवाज दोन सायकलींचा येत होता. जरा वेळ तो ऐकला, मग कडेला पाय टेकून थांबले आणि समोरच्या रस्त्याचा छोटासा व्हिडिओ काढला. एका अंगाला फिकट पिवळा चुनखडीचा कडा, दुसऱ्या अंगाला अक्रोडाची बाग, मधे डांबराची अरुंद पट्टी. पट्टीवर कुणीही नाही.

रात्री तो व्हिडिओ काकूला पाठवला. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात आता ती एकटीच असते. काका गेले, माझे दोन्ही चुलतभाऊ विरारला. मी कुठेही गेले की काकूला रस्ते दाखवते, कारण सायकल चालवायला मी तिच्यासमोर शिकले. काकांच्या चोवीस इंची सायकलच्या दांड्याखालून पाय घालून मी कैची मारत जायची आणि ही पदर खोचून मागून धावायची, "पुढं बघ गो, खाली काय बघतंस!" म्हणत.

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते पुढे सांगते. आधी तो पहिला दिवस, कारण तो दिवस मी काहीही न विचारता जगले आणि तो तसाच सांगायला हवा.

तुलूझला राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. मे महिन्यात सलग सुट्ट्या आल्या की सायकल रेल्वेच्या डब्यातल्या आकड्याला टांगून मी कुठल्या तरी छोट्या स्टेशनवर उतरते. या वेळी उतरले फिजाकला. इजिप्तची चित्रलिपी १८२२ मध्ये उलगडणारा शांपोलियों १७९० साली जन्मला तो याच गावात. त्याच्या घरामागच्या एका चौकात रोझेटा शिळेची अवाढव्य काळी प्रतिकृती जमिनीवर पसरली आहे आणि लोक तिच्यावरून चालतात. मीही चालले, कॉफी घेतली, पाण्याच्या दोन बाटल्या भरल्या आणि निघाले. पहिले काही किलोमीटर मोठ्या रस्त्याने जावं लागतं, ते खाली मान घालून उरकायचे. मग डी ४१ या जिल्हा रस्त्याचा फाटा लागतो, आणि तिथून पुढे सगळं बदलतं.

सेले ही छोटी नदी. नाव लॅटिनमधल्या ‘वेगवान’ या अर्थाच्या शब्दावरून आलं असं सांगतात, पण मला भेटली ती मेमधली, हिरवी, निवांत. फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या लॉट जिल्ह्यात चुनखडीचं विस्तीर्ण पठार आहे. तिथली माणसं त्याला ‘कॉस’ म्हणतात. या पठाराला कापत सेले वळणं घेत जाते आणि शेवटी लॉट नदीला मिळते. डी ४१ तिची पाठ सोडत नाही. फाट्यापासून संगमापर्यंत साधारण चाळीसेक किलोमीटर हा रस्ता कधी नदीला खेटून, कधी कड्याच्या पोटाखालून, कधी दोन घरांच्या मधून चोरवाटेसारखा जातो. नदी वळली की तोही वळतो. त्यामुळे दोनशे मीटरच्या पुढचं कधी दिसत नाही. सायकलवाल्याला याहून चांगला रस्ता मिळत नाही असं माझं ठाम मत आहे. लांबलचक सरळ रस्त्यावर पाय आधी दमत नाहीत, डोळे दमतात. इथे डोळ्यांना सतत पुढच्या वळणाची ओढ असते.

मिशेलिनच्या कागदी नकाशावर मोठे रस्ते लाल, त्याखालचे पिवळे आणि अगदी बारके पांढरे असतात. निसर्गरम्य रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते, आणि चढावर बाणाची टोकं: एक टोक म्हणजे बेताचा चढ, तीन टोकं म्हणजे उतरून ढकला. इथल्या जुन्या सायकलवाल्यांकडून मी शिकले की हिरवी रेघ बघायची, पण जीव लावायचा पांढऱ्यावर. डी ४१ पिवळा आहे. वर्दळ मात्र पांढऱ्याची.

गाड्या मोजायची मला सवय आहे. मुंबई-गोवा महामार्गालगत वाढलेल्या माणसाला ती लागतेच. रस्ता ओलांडण्याआधी आजी आम्हाला मोठ्याने मोजायला लावायची. फाट्यापासून एस्पान्याकपर्यंत जवळजवळ तासभर लागला. त्यात चार मोटारी, एक ट्रॅक्टर आणि टपालाची पिवळी व्हॅन. चौथी मोटार माझ्यामागे दोन वळणं राहिली आणि मला ते कळलंही नाही. हॉर्न नाही, इंजिनाची घाई नाही. वळण सुटून पुढचं स्वच्छ दिसल्यावर तिने पलीकडच्या कडेला जाऊन मला ओलांडलं. गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर आणि गावात एक मीटर अंतर सोडावं असा इथे कायदाच आहे. पण तो माणूस दीड मीटरवर थांबला नाही. जवळजवळ गवतात गेला. खिडकीतून एक हात वर झाला, मीही हात वर केला.

बाकी सगळा वेळ कान मोकळे. कान मोकळे झाले की काय काय ऐकू येतं याची यादी करता येत नाही, कारण आवाज एकामागून एक येत नाहीत, थर उचलल्यासारखे येतात. आधी स्वतःचा श्वास, मग चेन. मग टायर: जुन्या गुळगुळीत डांबरावर तो बारीक ‘सूंऽऽ’ करतो आणि नवी बारीक खडी पसरलेल्या पट्ट्यावर गेला की भाजणी परतल्यासारखा खरखरतो. त्याच्याखाली नदी. आणि सगळ्याच्या वर, पलीकडच्या झाडीतून, कोकीळकुळातला इथला पक्षी, ज्याच्या ओरडण्यावरूनच त्याला नाव पडलं: कुक्कू. आमचा पावशा असंच लावून धरतो. पावशाला पेरणीची घाई असते. याला कसलीच नव्हती.

एस्पान्याकला नदीपलीकडे एक जुना मठ आहे. त्याला पूर्वी ‘स्वर्गदरी’ अशा अर्थाचं नाव होतं. लाकडी चौकटीत विटा बसवलेला त्याचा बुटका घंटामनोरा पाहून मला गावातल्या कौलारू देवळाची आठवण झाली. देव घरात राहायला आल्यासारखी ती वास्तू आहे. आवारात एक मांजर आणि मी. बाटली रिकामी होती, म्हणून दफनभूमी शोधली. हेही इथलंच शिकलेलं: गावात दुकान नसेल, चहाचं ठिकाण बंद असेल, पण दफनभूमीत नळ असतोच, थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला. फक्त ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, ते बघायचं. नळाखाली हिरवा प्लास्टिकचा डबा होता, त्याच्या कडीला दोरा बांधलेला. पाणी इतकं गार की दात शिवशिवले. मी बाटली भरली, आणि कडीचा डबाही भरून शेजारच्या एका थडग्यावरच्या कुंडीत ओतला. पाणी घेतलं तर थोडं ठेवावं, एवढंच मनात होतं.

रात्री मार्सियाकला मुक्काम. तिथल्या बेनेडिक्टाइन मठाचं अर्धं छप्पर केव्हाच गेलेलं आहे. कमानींवर आकाश आणि आकाशात पाकोळ्या. दरीतून स्पेनकडे जाणारी संत याकोबाच्या यात्रेची एक वाट जाते, त्यामुळे यात्रेकरूंसाठी साध्या धर्मशाळा आहेत, सायकलवाल्यांनाही घेतात. दिवे मालवल्यावर खिडकीत इतका अंधार होता की हात दिसेना. हा सगळा पठारी भाग रात्रीच्या काळोखासाठी फ्रान्समध्ये नावाजलेला आहे. पलंगावर पडून मी व्हिडिओ पाठवला आणि झोपले. इतकी सुखात की स्वप्नसुद्धा पडलं नाही.

सकाळी फोनवर काकूचा आवाज होता. सात सेकंदांचा.

"रस्तो बरो आसा गो. पण थयली माणसा खंय गेली?"

काकू मूळची मालवणची, लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी तिची बोली सुटलेली नाही. मी तो आवाज दोनदा ऐकला. उत्तर पटकन देता येण्यासारखं होतं: अगं, इथे लोकसंख्याच कमी. पण मी ते पाठवलं नाही. कारण आदल्या दिवशी मी त्या रस्त्याचं रिकामपण एखाद्या गोड खाऊसारखं खाल्लं होतं आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आमच्या वाडीतल्या बावीस घरांपैकी चौदांना कुलपं आहेत. बाहेरून आलेला कुणी फोटोग्राफर तिथे उभा राहून "काय शांतता आहे!" म्हणाला तर मला कसं वाटेल, हे मला नेमकं माहीत आहे. म्हणाला होता एक.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता तोच होता, बघणं वेगळं झालं.

सर्वात आधी दिसले गडगे. काल मी त्यांना जंगलातले दगड समजले होते. मार्सियाकच्या पुढे उतारावर खुरट्या ओकांचं रान आहे. त्या झाडीत आडव्या, एकावर एक, पायऱ्यांसारख्या दगडी भिंती होत्या. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड. सायकल कुंपणाला टेकवून मी वर चढले. भिंत कमरेएवढी. वरच्या रांगेतले दगड चपटे निवडून बसवलेले, मधल्या फटींत बारीक चिपा ठोकलेल्या, त्या अजून हलत नव्हत्या. भिंतीमागे हातभर रुंद सपाटी आणि त्या सपाटीतून वीस-पंचवीस वर्षांचं झाड वर आलेलं. रानात कुणी भिंत बांधत नाही. हा द्राक्षाचा मळा होता.

लॉट जिल्ह्याची माणसं द्राक्षावर जगत होती. काओरची काळपट लाल वाइन नदीतून होड्यांनी बोर्दोला जायची. १८५१ मध्ये या जिल्ह्यात जवळपास २ लाख ९६ हजार माणसं होती. मग १८७० च्या पुढे अमेरिकेतून आलेली फायलोक्सेरा नावाची कीड, डोळ्यांना जेमतेम दिसणारी, वेलींची मुळं खात या उतारांवर चढली. डोंगरउतारावरचे मळे गेले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. माणसं पॅरिसला, तुलूझला, बोर्दोला गेली, समुद्रापारही गेली. आज जिल्ह्याची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास आहे. या दरीतल्या काही गावांत शंभर-सव्वाशे माणसं राहतात.

शेजारच्या आवेरों आणि कांतालच्या डोंगराळ भागातली माणसं पॅरिसमध्ये आधी घरोघर पाणी वाहत, मग कोळसा विकायला लागली, कोळशाच्या दुकानात एका बाजूला वाइनचे पेले ठेवायला लागली, आणि पुढे पॅरिसचे कितीतरी कॅफे त्यांच्या हाती गेले. एकाने दुसऱ्याला बोलावून घ्यायचं, गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायची. गिरणगावातल्या आमच्या गावकीच्या खोल्या याच रीतीने भरल्या. माझे आजोबा लालबागला ज्या खोलीत राहिले तिथे एका वेळी एकवीस जण होते, पाळीपाळीने झोपायचे. पंचवीस रुपये मनीऑर्डर यायची, माणूस गणपतीला आणि शिमग्याला.

मला सर्वांत जास्त लागली ती रस्त्याची गोष्ट. आपण ज्यावर सायकल चालवतो ते बारके रस्ते आले कुठून, हे मी पूर्वी कधीतरी वाचलं होतं, त्याचा अर्थ त्या भिंतीवर बसल्यावर लागला. २१ मे १८३६ च्या कायद्याने फ्रान्समधल्या प्रत्येक गावावर आपले रस्ते बांधण्याची आणि राखण्याची जबाबदारी आली. त्यासाठी गावकऱ्यांना वर्षातले तीन दिवसांपर्यंत रस्त्यावर राबावं लागे, नाहीतर तेवढे पैसे भरावे लागत. स्वतःच्या बैलगाडीने खडी आणायची, फोडायची, पसरायची. आज या देशात दहा लाख किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत आणि त्यातले बहुतेक असे छोटे, गावागावाचे. बाजाराला द्राक्ष नेण्यासाठी ज्यांनी ते केले, त्यांचीच मुलं-नातवंडं त्या रस्त्यांनी स्टेशनवर गेली. पुढे लांबची वाहतूक महामार्गाने ओढून घेतली. उरला तो हा, मी ज्याला शांत रस्ता म्हणते तो.

आमच्याकडेही डोंगरउतारावर असे गडगे आहेत, जांभ्याचे. आत वरकस जमीन, नाचणीची, वरीची. काकूच्या हातची नाचणी मी त्या जमिनीत उगवलेली खाल्ली आहे. आता तिथे करवंदीच्या जाळ्या आणि ऐनाची झाडं. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६ लाख ९७ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार झाली. महाराष्ट्र वाढत असताना कोकणातले दोन जिल्हे घटले, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. काकूला आकडे माहीत नाहीत. तिला कुलपं माहीत आहेत.

पुढच्या एका गावात चर्चच्या भिंतीला लागून पहिल्या महायुद्धाचं स्मारक होतं. असं स्मारक इथे गावोगाव असतं. मी कितीतरी पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा त्याच्या पायरीवर बसून केळं खाल्लं आहे. या वेळी नावं वाचली. अठरा. एकाच आडनावाची तीन, त्याच्याखाली दुसऱ्या आडनावाची दोन. चौकात तेव्हा दिसत होती ती घरं मोजली, तीही अठराच्या आसपास. मग मी तिथे काही खाल्लं नाही, पुढे जाऊन नदीकाठी बसले.

एवढं सगळं असून रस्ता मात्र टाकून दिलेला नाही. हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण रिकामी गावं म्हटलं की पडकं चित्र डोळ्यांसमोर येतं. डी ४१ वर दर किलोमीटरला पिवळ्या टोपीचा पांढरा दगड आहे आणि तो धुतल्यासारखा स्वच्छ आहे. वळणावरच्या दगडी कठड्यातला एक निखळलेला तुकडा नव्याने बसवलेला दिसला, दगड जुनाच, सांध्यातला चुना ताजा. गवत कापणारं यंत्र सकाळीच जाऊन आलं असावं. ओल्या गवताचा वास रस्ताभर होता. डांबराला लागून यंत्राच्या रुंदीएवढीच पट्टी कापली होती. त्याच्या मागचं गवत गुडघाभर ठेवलं होतं आणि त्यात जांभळी-गुलाबी रानटी ऑर्किड उभी होती. उन्हाळा संपेपर्यंत ते मागचं गवत कापत नाहीत, फुलांचं बी पडावं म्हणून. शंभर माणसांच्या गावासाठी कुणीतरी इतकं जपून गवत कापतं. मी सायकल आडवी ठेवून त्या ऑर्किडपुढे बराच वेळ उकिडवी बसले. एका फुलाच्या ओठावर मधमाशीचं हुबेहूब अंग काढलेलं होतं, केसाळ, तपकिरी, वर पिवळी नक्षी. खऱ्या नर माशीला फसवायला हे फूल मादीचं रूप घेतं.

तिथून उठून दोन वळणं गेले असेन, तेव्हा मागून हॉर्न ऐकू आला. दोन दिवसांतला पहिला. लांब, दोनदा.

मी कडेला झाले. पांढरी व्हॅन मला ओलांडून पाच-सहा घरांच्या एका वाडीत शिरली आणि थांबली. मी पोचले तेव्हा मागचं दार वर उघडलेलं होतं आणि आत लाकडी कप्प्यांत पाव उभे लावलेले. पाववाला पन्नाशीचा, हातभर पीठ. निळ्या एप्रनमधली एक आजीबाई चपला ओढत आल्या. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं, "बॉंजूर मादाम" म्हणाल्या आणि पहिला प्रश्न केला, "एकट्याच?" मी हो म्हटलं. "बरं आहे," त्या म्हणाल्या, "वाऱ्याशी कुणाला भांडावं लागत नाही." त्यांनी पाव घेतला, बोटांनी दाबून पाहिला, पैसे एका छोट्या डबीतून मोजून दिले.

मीही एक पाव मागितला. दुसरं कुणी येत नव्हतं. पाववाल्याने दार बंद केलं नाही. तो व्हॅनला टेकून उभा राहिला. मी विचारलं, अजून कुणी यायचंय का? त्याने वरच्या घराकडे हनुवटी केली. "त्यांचे गुडघे. पाच मिनिटं लागतात."

मग आम्ही तिघं थांबलो. कुणी बोललं नाही. वरच्या घराचं दार वाजलं, काठीचा आवाज यायला लागला, एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी पायरी. पाववाल्याने वर जाऊन पाव द्यायला काय हरकत होती, असं मला क्षणभर वाटलं. आजीबाईंना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना खाली यायचं असतं, मादाम. दिवसातून एवढंच."

त्या आल्या तेव्हा पाववाल्याने त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवलेला पाव दिला, करपट कडेचा, त्यांना तसाच आवडतो म्हणून. निघताना त्याने पुन्हा हॉर्न वाजवला, या वेळी आखूड, निरोपाचा. तेवढ्यात फोन माझ्या हातात होता. आवाज टिपला गेला.

पाव अजून कोमट होता. तो जाकिटाच्या मागच्या खिशात उभा खोचून मी सोलियाक ओलांडलं. कड्याच्या कपारीत बांधलेली घरं, खाली नदी. काब्रेरेच्या अलीकडे कड्याच्या बुडातून एक झरा धबधब्यासारखा बाहेर पडतो, पेस्कालरीचा. कॉस पठारावर पाणी थांबत नाही. पाऊस पडला की चुनखडीच्या भेगांतून आत उतरतो, अंधारात कुठे कुठे फिरतो आणि इथे दरीच्या पायथ्याशी उजेडात येतो. राजापूरच्या गंगेची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला अशा पाण्यापुढे नुसतं उभं राहवत नाही. ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं.

काब्रेरेहून पेश मेर्लच्या गुहेकडे चढ आहे, छातीवर येणारा. वर पोचल्यावर कॉस पठार नीट दिसतं आणि ते पाहून मी थबकलेच. हा तर सडा! उघडा कातळ, फटीफटींत माती, खुरटं गवत, मैलोगणती गडगे आणि वर मोकळं आभाळ. फक्त जांभ्याच्या जागी चुनखडी, आणि गुरांच्या जागी डोळ्यांभोवती काळी चष्म्यासारखी वर्तुळं असलेल्या इथल्या मेंढ्या.

ती गुहा १९२२ साली गावातल्या दोन पोरांनी अरुंद फटीतून सरपटत जाऊन शोधली. आत दोन घोडे आहेत, पाठीला पाठ लावलेले, अंगभर काळे ठिपके. सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचे. घोड्यांभोवती माणसाचे हात आहेत: हात भिंतीवर ठेवून त्याच्या कडेने काळा रंग फुंकलेला, त्यामुळे हात उठून गेला तरी जागा राहिली. पुढे एका ठिकाणी ओल्या मातीत अनवाणी पाऊल उमटलेलं आहे, लहान, कोवळ्या वयातल्या कुणाचं तरी. वाट दाखवणाऱ्या मुलीने त्यावर दिव्याचा झोत तिरका धरला आणि टाचेचा खळगा भरून आला, पाचही बोटं दिसली. मी कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला तो प्रचंड हत्ती पाहिला आहे, त्याच्या पायाशी अनवाणी उभी राहिले आहे. तो कोरणारे कोण, कुठे गेले, कुणाला सांगता येत नाही. काकूचा प्रश्न तिथेही विचारता आला असता.

बाहेर आल्यावर पाव मोडला, चीजबरोबर खाल्ला आणि तिला दोन गोष्टी पाठवल्या. आधी लांबलचक उत्तर, वेलींची कीड, युद्ध, पॅरिसचे कोळसेवाले, आपलं लालबाग, सगळं, माझ्या आवाजात, जवळजवळ चार मिनिटं. आणि नंतर तो हॉर्न, तीन सेकंद, काही न लिहिता.

तिथून उतार, मग काँदुशेचा संगम. हिरवी सेले मोठ्या, संथ लॉटमध्ये शिरते आणि काही अंतर दोघींच्या पाण्याचे रंग वेगळे राहतात. बूझियेसला कड्याच्या पोटात खोदून काढलेली जुनी वाट आहे. होड्यांना दोर लावून माणसं आणि घोडे या वाटेने चालत नदीविरुद्ध ओढत नेत. डोक्यावर खडक, पायाखाली खडक, एका बाजूला पाणी. सायकल हातात धरून ती चालले. पुढचा काओरपर्यंतचा रस्ता जरा रुंद, जरा गजबजलेला, चांगला होता पण माझं लक्ष नव्हतं. वॅलेंत्रे पुलाच्या तीन मनोऱ्यांवर ऊन होतं तेव्हा पोचले.

पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून फोन पाहिला. काकूने माझं चार मिनिटांचं उत्तर अर्धंच ऐकलं होतं, मग ऐकते म्हणाली. उरलेला सगळा निरोप हॉर्नबद्दल होता.

"अगो, दुपारचा पडलंलंय, आणि तुझो तो हॉर्न वाजलो. माका वाटला, पाववालो इलो. उठून खळ्यात जाऊन बघून इलंय. मग आठावला, तो तर कधीचोच येयनासो झालोहा."